सोमवारी अडकणारं हॉपर

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तू नोकरीत नेमकं करतेस काय?"

मी म्हटलं, "पावडर कशी वाहते ते तपासते."

"पाणी वाहतं," ते म्हणाले. "पावडर पडते."

"दरवेळी पडतेच असं नाही. म्हणून तर मला पगार मिळतो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं आणि होकार दिला. वाद मात्र मिटला नाही. अकरा वर्षं तो आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीसारखा कायमचा होता.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, या विषयावर बोलायचा अधिकार होता. चौतीस वर्षं त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं आणि त्यात ते हॉपर बनवायचे. हॉपर म्हणजे वर पत्र्याचं भलंमोठं पिंप आणि त्याच्या खाली जोडलेलं नरसाळं. कारखान्याचा माल वरून ओतायचा, खालून लागेल तसा काढायचा. बाबांच्या प्रत्येक हॉपरचं नरसाळं साठ अंशांत उतरायचं. साखर असो, सिमेंट असो, रंगाची भुकटी असो, साठ म्हणजे साठ. त्यासाठी त्यांनी जाड पट्टीचा, कोन जुळवायचा एक खास गुण्याच करून घेतला होता. "पंचेचाळीस म्हणजे आळशी, सत्तर म्हणजे उधळ्या. साठ हा संसारी माणूस," असं त्यांचं म्हणणं.

माझं काम याच्या बरोबर उलट्या टोकाचं. मूठभर पावडर गोल डबीत भरायची, वर वजन ठेवून दाबायची आणि ती सरकवायला किती जोर लागतो ते यंत्रावर मोजायचं. मग तीच पावडर पत्र्याच्या तुकड्यावर घासून बघायची. त्या आकड्यांवरून नरसाळ्याला उतार किती हवा आणि तोंड केवढं हवं, ते काढता येतं. तोंड लहान पडलं की पावडर त्याच्यावर स्वतःची कमान बांधून बसते. मग वर चार टन माल असला तरी खाली चमचाभर येत नाही.

एका बुधवारी आमच्या लॅबमध्ये कपडे धुण्याच्या पावडरच्या कारखान्यातले फोरमन आले. हातात पावडरची बादली, चेहऱ्यावर वीस वर्षांचा वैताग. कारखान्यात त्यांना सगळे सोमवारसाहेब म्हणत. का, ते त्यांनीच सांगितलं.

"मॅडम, आमचं हॉपर मंगळवार ते शुक्रवार शहाण्यासारखं वागतं. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ते भरून घरी जातो. सोमवारी सकाळी येऊन बघतो तर ढिम्म! मग मी लाकडी हातोडा घेतो. अर्धा तास ठोकलं की सगळं एकदम खाली कोसळतं आणि आम्ही दुपारपर्यंत शिंकत बसतो."

"हॉपरचा फोटो आहे?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. मी फोटो मोठा करून बघितला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पिंपाच्या पोटावर एक पितळी पाटी होती आणि पाटीवर माझ्या सासूबाईंचं नाव होतं. बाबांनी वर्कशॉपला बायकोचं नाव दिलं होतं.

घरी आल्यावर मी हे फक्त नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. ज्वालामुखीबद्दल तासभर बोलेल, पण घरात कोणाचा आवाज जरा चढला की त्याला कपाट आवरायचं आठवतं.

"बाबांना सांगू नकोस," तो म्हणाला.

"आणि अहवालात काय लिहू? पत्रा बिघडला, असं?"

"हवामान," तो म्हणाला. "हवामानावर ढकल."

बाबांना काहीच सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. तेवढ्यात दुसरीच अडचण उभी राहिली. ही पावडर शुक्रवार ते सोमवार दाबून ठेवली की किती घट्ट होते, हीच तर तपासणी होती. म्हणजे डब्या वजनाखाली साठ तास जराही न हलवता ठेवायला हव्या होत्या. आणि आमच्या लॅबशेजारची जुनी इमारत नेमकी त्याच आठवड्यात पाडायला घेतली होती. ड्रिल सुरू झालं की टेबलावरच्या चहावर लाटा उठायच्या. अशा धक्क्यांनी पावडर आणखी घट्ट बसते, सगळे आकडे खोटे येतात. आमच्या बॉस बाईंनी हात वर केले. "तुझ्या ओळखीत एखादी स्थिर जागा आहे का?"

होती. आमच्याच घरी, मागच्या खोलीत. वर्कशॉप विकलं तेव्हा बाबांनी हौसेनं काँक्रीटचा एक ओटा बांधून घेतला होता. चारी पाय जमिनीत दोन फूट गाडलेले. तिथे ते आता कुलपं दुरुस्त करत.

शुक्रवारी संध्याकाळी मी शिलाई मशीनएवढं ते यंत्र, तीन डब्या, वजनं आणि पावडरची बादली घरी आणली. बाबांनी ओटा पुसून, अंगात स्वच्छ शर्ट घालून तयारी ठेवली होती.

"कोणाची पावडर?" त्यांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही, बाबा. कामाचा नियम आहे."

"बरोबर आहे. नियम तो नियम," ते म्हणाले. त्यांनी पुढे एक शब्दही विचारला नाही, आणि मला ते फार लागलं.

मी डब्या भरल्या, वजनं ठेवली, वर प्लॅस्टिकचं झाकण घातलं. "सोमवारी सकाळी सातपर्यंत याला धक्का लागता कामा नये," एवढंच बोलले. पण तेवढं पुरलं. बाबांनी ओट्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला, समोर खुर्ची टाकली आणि पेल्यावर डोळे लावून बसले. पाणी हललं की घरात चौकशी सुरू.

शनिवारी सकाळपासून मिक्सर बंद. वॉशिंग मशीन बंद. दारं दोन्ही हातांनी लोटायची. सासूबाई कपाटातून पातेलं काढायला गेल्या तर आतून आवाज आला, "कोण ते? हळू!"

"अहो, स्वयंपाक करू की नको?"

"कर, पण चढवून ठेव आणि बाजूला हो."

नवऱ्याला शिंक आली तर त्याला अंगणात पाठवण्यात आलं. तो तिथेच पुस्तक घेऊन बसला आणि खूश झाला.

दुपारी चारला वरच्या मजल्यावर नृत्याचा क्लास असायचा. अठरा मुली, अठरा जोड्या पाय. पेल्यातल्या पाण्याला पहिला शहारा आला आणि बाबा ताडकन उठले. मी मागोमाग धावले. नृत्याच्या बाई दारात आल्या तसे बाबा हात जोडून म्हणाले, "बाई, आज शास्त्रीय प्रयोग चालू आहे खाली. पाय सोडून बाकी सगळं शिकवा. डोळे आहेत, माना आहेत, बोटं आहेत."

बाई भल्या होत्या. त्या दिवशी अठरा मुली दोन तास नुसत्या बसून भुवया उडवत होत्या.

इतकं सगळं सहन झालं असतं. पण बाबा पहारा देता देता बोलायचे, आणि ते ऐकवत नव्हतं.

"सूनबाई, एक सांग. शुक्रवार ते सोमवार दाबून ठेवतेयस, म्हणजे हे हॉपर सोमवारी अडकतं, बरोबर?"

"हो."

"मग ते बनवलं कोणत्या गाढवानं?"

मी वजनांकडे बघत राहिले.

"नुसता पत्रा वाकवता आला की झालं, असं वाटतं यांना," बाबा तावातावाने म्हणाले. "गिऱ्हाईक काय ओतणार, किती दिवस ठेवणार, काही विचारायचं नाही. असल्या लोकांनी आमच्या धंद्याचं नाव घालवलं! अहवालात स्पष्ट लिही. भीड ठेवू नकोस."

दाराआडून नवरा ऐकत होता. त्यानं काढता पाय घेतला.

सोमवारी सातच्या ठोक्याला मी डबी यंत्रात बसवली. बाबा माझ्या खांद्यामागे उभे. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि त्याही थांबल्या. यंत्र हळूहळू ओढू लागलं, आकडा चढत गेला, चढतच गेला, आणि एकदम पावडर आतून तुटली. ताज्या पावडरच्या चौपट जोर लागला होता. तिन्ही डब्यांचं उत्तर तेच. मी कागदावर गणित मांडलं.

"नरसाळं कमीत कमी बहात्तर अंशांचं हवं," मी म्हटलं. "आणि तोंड सातशे मिलिमीटर."

"आत्ता किती आहे?"

मला खोटं बोलता आलं नाही. "साठ."

बाबांनी विचारलं, "तोंड?"

"तीनशे."

"एक फूट," ते पुटपुटले. त्यांनी बादलीतली चिमूटभर पावडर घेऊन हुंगली. लिंबाचा वास आला. "डाव्या अंगाला हात घालायला गोल झाकण आहे? हातानं फिरवायच्या फुलपाखरी नटाचं?"

"आहे."

"जिन्याला अकरा पायऱ्या?"

"फोटोत सगळ्या दिसत नाहीत, बाबा."

"अकराच आहेत," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. "म्हणजे गाढव सापडलं."

सासूबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि मला घेऊन बाहेर आल्या.

दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते फार सभ्यपणे वागत होते. मीठ हवं असलं तर सासूबाईंना सांगत, "तिला म्हणावं, सवडीनं दे." तिसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"यंत्र चुकलं असेल."

"तीनदा केलंय, बाबा."

"तेव्हाची पावडर वेगळी असेल. जाड असेल. आता यांनी बारीक करून ठेवली असेल."

"असू शकेल," मी म्हटलं. मला मनापासून तसंच असावं असं वाटत होतं.

"मग मला तिथे घेऊन चल."

कारखान्याच्या दारात सोमवारसाहेब उभे होते. बाबांना बघून ते दोन पावलं मागे सरले आणि मग जोरात ओरडले, "मिस्त्री! तुम्ही?"

बाबांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ते हॉपरकडे बघत होते. नरसाळ्याच्या एका अंगाला माणसाच्या छातीच्या उंचीवर पत्रा असा चेपला होता की जुन्या पातेल्याचं बूडही त्यापुढे गुळगुळीत म्हणावं. शेकडो पोचे. बाबांनी त्यावर तळहात ठेवला.

"कोणी मारलं याला?"

"मीच, मिस्त्री," सोमवारसाहेब ओशाळून म्हणाले. "दर सोमवारी. वीस वर्षं."

"आधीची पावडर जाड होती ना?" बाबांनी घाईघाईनं विचारलं. "आता बारीक झाली असेल."

"नाही, तीच आहे. पहिल्या सोमवारपासून अडकतंय."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं की! मी स्वतः वर्कशॉपला आलो होतो. तुम्ही वेल्डिंग करत होता. काच वर न करताच म्हणालात, 'हातोडा मारा.' मी विचारलं, कुठे मारू? तर तुम्ही खडूनं फुली मारून दिलीत."

मी छताकडे बघू लागले. छताला बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिले. बाबांचे कान लाल झाले होते. सोमवारसाहेबांना वाटलं आपण फार बोललो, म्हणून ते लगेच म्हणाले, "पण एक सांगू का मिस्त्री? वीस वर्षं ठोकतोय, एक जोड उसवला नाही. माझा खांदा गेला, दोन हातोडे मोडले. तुमचं वेल्डिंग हललं नाही."

बाबांनी जोडावरून बोट फिरवलं. "ते हलणार नाहीच," ते म्हणाले, पण आवाज खाली होता. मग ते माझ्याकडे वळले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला कामातला सल्ला विचारला. "बहात्तर बसवायचं तर हे नरसाळंच सहा फूट उंच होईल. वर छत आहे, खाली पिशव्या भरायचं यंत्र. कसं करायचं?"

"गोल नरसाळं सोडून द्यायचं," मी म्हटलं. "दोनच बाजू उतरत्या ठेवायच्या, पाचरीसारख्या, आणि खाली लांबट फट. तशा आकारात कमी उतार चालतो. फटीच्या खाली सगळ्या लांबीभर माल ओढणारा, फिरता मळसूत्री स्क्रू बसवायचा."

"कमी म्हणजे किती?"

"बासष्ट."

बाबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड आला. "साठ कर."

"बाबा, ही भाजी नाही घासाघीस करायला."

"दोन अंशांचा तर प्रश्न आहे!"

"पत्रा जास्त गुळगुळीत मिळाला तर साठ चालेल. पण ते घासून मोजावं लागेल."

हे मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून बाबा लॅबमध्ये. बगलेत पत्र्याचे तुकडे, प्रत्येकावर खडूनं नंबर. पॉलिश केलेला, अर्धा पॉलिश केलेला, प्लॅस्टिकचं अस्तर लावलेला, एक तर सासूबाईंच्या जुन्या ट्रेचा तळ कापून आणलेला. मी यंत्रावर पट्टी बसवायची आणि ते श्वास रोखून आकडा बघायचे. त्रेसष्ट आला की पत्र्याच्या दुकानदाराला शिव्या. एकसष्ट आला की स्वतःचाच रुमाल काढून पुन्हा पुसायला सांगायचे. आमच्या बॉस बाईंनी पहिल्या दिवशी मला खोलीत बोलावलं. "हे कोण गृहस्थ?" चौथ्या दिवशी त्या स्वतः बाबांसमोर बसून वेल्डिंगनंतर पत्रा कसा घासावा ते लिहून घेत होत्या.

सतराव्या तुकड्याला साडेएकोणसाठ आला.

बाबांनी तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला, माझ्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि घरी गेले. मी गेले तर ते मागच्या खोलीत पुठ्ठा कापून पाचरीचं छोटं हॉपर करत बसले होते. सासूबाई डिंक घेऊन शेजारी. बादलीत उरलेल्या पावडरनं त्यांनी तोवर दोन चादरी धुऊन टाकल्या होत्या आणि त्यांचंही मत तयार होतं: "वाहते ठीक, पण फेस होत नाही."

नवीन नरसाळं बाबांच्याच जुन्या वर्कशॉपमध्ये तयार झालं. ते आता त्यांच्या जुन्या वेल्डरचं होतं. बाबा तिथे हात मागे बांधून उभे राहत. "मी काही बोलत नाही," असं ते दर पाच मिनिटांनी बोलत.

बसवल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी आम्ही सगळे कारखान्यात गेलो. नवरासुद्धा आला, रजा काढून. शुक्रवारपासून हॉपर भरलेलं होतं. सोमवारसाहेब सवयीनं हातोडा घेऊनच उभे होते. त्यांनी बटण दाबलं. स्क्रू फिरला. एक क्षण काहीच झालं नाही आणि बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. मग पावडर आली. न थबकता, न खोकता, सगळ्या लांबीभर सारखी.

इतकी सारखी आली की खाली पिशव्या भरणाऱ्या दोघांची तारांबळ उडाली. सोमवारी सकाळी अर्धा तास गप्पा मारायची त्यांना वीस वर्षांची सवय. एकजण चहा पीत होता, दुसरा चपला काढून पाय दाबत होता. पिशवी भरली, ओसंडली, त्यांचे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले. "बंद करा! बंद करा!" ते ओरडू लागले.

"बघितलंस?" बाबा मला म्हणाले. त्यांच्या भुवया, मिशा, चष्मा सगळं पांढरं. "बंद करा म्हणतायत!"

"वाहतेय ना, बाबा?"

त्यांनी चष्मा पुसून पावडरकडे बघितलं. "वाहतेय," ते म्हणाले. "पाण्यासारखी नाही. पण वाहतेय."

सोमवारसाहेबांनी हातोडा भिंतीला टेकवला. मग काय करावं ते न सुचून पुन्हा उचलला.

मला वाटलं, संपलं. पण त्या आठवड्यात बाबांनी माळ्यावरून जुन्या गिऱ्हाइकांची वही काढली आणि फोनजवळ बसले. चौतीस वर्षांत बनवलेलं एकेक हॉपर, एकेक नाव.

"नमस्कार, मी मिस्त्री बोलतोय. तुमचं हॉपर अडकतं का?"

काहींनी फोन ठेवला. काहींना ते कोण हेच आठवेना. एका खतवाल्यानं त्यांना पंधरा मिनिटं असं झापलं की बाबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला आणि तरी आम्हाला बाजूच्या खोलीत शब्द न् शब्द कळला. ते शांतपणे म्हणाले, "सगळं बरोबर आहे तुमचं. आता एक बादली माल पाठवा, माझी सून तपासेल." महिन्याभरात लॅबमध्ये नऊ बादल्या आल्या.

परवा मी घरी आले तेव्हा ते एका साखर कारखान्याशी बोलत होते. चेहरा पडलेला होता.

"एकदाही नाही?" ते विचारत होते. "बावीस वर्षांत एकदाही नाही? नाही, नाही, घाई करू नका. पावसाळ्यातलं आठवून बघा. मी थांबतो."